चांदणीच्या भोकाची चकती

चंद्रावर सगळं सावकाश पडतं. सोऱ्याची पितळी चकतीही हळूहळू तरंगत पेटीत पडली. केतकी मात्र झटकन पुढे धावली.

पेटी होती वितळणीची (धातू वितळवायच्या भट्टीची). चंद्रवस्तीत धातू तुटपुंजा, म्हणून जे नुसतं शोभेचं ते वितळवायचं असा नियम. निवडायचं काम ठोकळ्या नावाच्या यंत्रमानवाचं.

"अरे, आईची आहे ती!" केतकी ओरडली. आई कामासाठी पृथ्वीवर गेली होती.

"केतकीताई, पीठ गोल भोकातूनही पडतं. मग चांदणी कशाला? शोभेलाच ना?"

चकल्या पाडताना आई गुणगुणायची ते केतकीने म्हणून दाखवलं:

पितळेची गं चकती, तिला चांदणीचं दार
दारातून लेक आली, अंगी काटे अलवार

"काटे कशाला गं, हे विचारलंस का कधी?" आजोबा हसत म्हणाले. ते उष्णतेचे शास्त्रज्ञ. "चला, तळूनच बघू."

केतकीने चकती पेटीतून काढून सोऱ्यात बसवली. चांदणीतून जितकं पीठ उतरेल तितकंच उतरावं, असं गोल भोक ठोकळ्याने एका पत्र्याला पाडलं. भाजणी एकच, तेल एकच, वेळही एकच. दोन्ही चकल्या बाहेरून छान तांबूस झाल्या. केतकीने गोल चकली मोडली, तर आत पीठ ओलं, गिचगिचीत! काटेरी मोडली, तर कुर्रकन आवाज झाला.

"आता दोरा घे," आजोबा म्हणाले.

केतकीने कच्च्या गोल तुकड्याभोवती दोऱ्याचा एक वेढा दिला. मग काटेरी तुकड्याभोवती, प्रत्येक खाचेत काडीने दाबत दाबत. तेवढा दोरा इथे पुरेना!

"आजोबा, पीठ तेवढंच, पण काठ केवढा वाढला!"

"यालाच पृष्ठफळ वाढणं म्हणतात (पृष्ठफळ म्हणजे वस्तूच्या बाहेरच्या अंगाचं क्षेत्रफळ). अंग जास्त, म्हणून तेल जास्त ठिकाणी भिडतं. शिवाय खाचांमधून ते पोटाजवळ पोचतं. आतल्या वाफेलाही बाहेर पडायला वाट जवळची."

केतकीने चकती सोऱ्यातून काढून खिडकीशी धरली. तिच्या तळहातावर उन्हाची चांदणी उमटली. कुणा अनाम हातांनी कोरलेलं हे दार! किती सुंदर, आणि तितकंच शहाणं!

ठोकळ्याने हात वळवून स्वतःची पाठ चाचपली. तिथे पत्र्याच्या घड्याच घड्या होत्या.

"ताई, माझ्या अंगातली उष्णता इथूनच बाहेर जाते. म्हणजे मीही चकलीच की!"

"जरा करपलेली," आजोबा म्हणाले.

केतकी खळखळून हसली. हसता हसता तिची नजर पेटीत गेली. तळाशी झारा होता, किसणी होती, वाकड्या दांड्याची पळी होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, ही सगळी काहीतरी सांगायला टपून बसली आहेत.

"ठोकळ्या, भट्टी थांबव," ती म्हणाली आणि मांडी घालून पेटीपाशी बसली. "आधी या पळीला विचारू, तुझा दांडा वाकडा का गं?"