पाळीचा मुरूम

"अबे प्रेम, ब्रेक नको लावू! पडशील!"

गफ्फार ओरडला, पण उशीर झाला होता. नव्या रस्त्याच्या मुरमात प्रेमसिंगची सायकल सर्रकन घसरली आणि तो कडेच्या गवतात जाऊन बसला. पुढं गेलेल्या नलूनं पाय टेकून मागं पाहिलं आणि पोट धरून हसली.

दिवाळीची सुटी लागली होती. पांढरकवड्याच्या शाळेत तिघंही एकाच वर्गात. गफ्फारचे अब्बा रहमतचाचा यांचं सायकलचं दुकान होतं, आणि दुरुस्त झालेल्या सायकली पळवून पाहायचं काम सुटीत या तिघांचं! आज नलूच्या मावशीकडं जायचं होतं. हमरस्ता सोडायचा, मुरमाच्या वाटेनं तळं गाठायचं, तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सायकली हाणायच्या. एका हाताला तुडुंब पाणी, दुसऱ्या हाताला त्या पाण्याहूनही खोल गेलेली दलदल, लव्हाळं आणि बगळे. त्या दलदलीपलीकडं मावशीची वस्ती.

प्रेमसिंग तळहात झटकत उठला. "हे पाह्य! हाताले शिंपले टोचले. रस्त्यात शिंपले कुठून आले बे?"

गफ्फारनं वाकून मूठभर मुरूम उचलला. त्यात बारके शंख होते, गवताची ओली मुळं होती. त्यानं ते शंख खिशात टाकले.

"रस्त्याचा मुकादम तं सांगते, मुरूम टेकडीवरून आनतो म्हनून."

"टेकडीवर शंख?" नलूचं हसू थांबलं. "हे तळ्यातलं हाय. चला!"

ट्रकच्या चाकांचे ताजे वळ मुरमाच्या वाटेवर उमटले होते. त्या वळांवरूनच तिघांनी सायकली दामटल्या. पाळीशी पोचले आणि नलूनं करकचून ब्रेक दाबला. पाळीची वस्तीकडची बाजू कुणीतरी भलीमोठी खणून नेली होती! एवढं थोरलं तळं अडवायला तिथं आता पातळशी भिंत उरली होती. तिच्या पायथ्याशी पाण्याचे नितळ ओघळ झिरपत होते.

"टेकडी दूर पडते ना," गफ्फार दात चावत म्हणाला. "म्हनून हरामखोरांनी जवळचं खोदलं!"

नलू खाली वस्तीकडं पाहत होती. धम्म घेतल्यावर वरच्या गावच्या विहिरीवर कटकटी सुरू झाल्या, तेव्हा मावशीसारखी कितीतरी घरं इथं खाली येऊन राहिली होती. कुडाची घरं, अंगणात वाळत घातलेली लुगडी, खेळणारी पोरं. पाळ फुटली तर? तिनं सायकल रस्त्याकडं वळवली.

मुकादम रस्त्यावर खुर्ची टाकून चहा पीत होता. नलू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पाळ काहून खोदली? पानी झिरपून राह्यलं तिथं!"

"तळं झिरपतेच, पोरी." मुकादमानं बशी फुंकली. "उद्या सकाळी इंजिनिअरसाहेब रस्ता पाहाले येऊन राह्यले. इथं गोंधळ नको. अन् पोरीच्या जातीनं सायकल कायले हानावं? घरी जाऊन भाकरी थाप!"

तिथून तिघं गावच्या पाटलाकडं गेले. पाटलांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

"पाळ फुटनार नाही. अन् फुटलीच तं पानी खालीच जाईन. गावात नाही येत."

"खाली मानसं राह्यते, पाटील!"

"मंग त्याहीनं वर राहावं." पाटील अडकित्ता ठेवून आत निघून गेले.

बाहेर येताच नलूनं दगड उचलून भिरकावला. तो बाभळीवर आदळला. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसताना तिला आणखीच राग आला.

"साहेबाले सांगू आपन," प्रेमसिंग म्हणाला.

"मुकादम जवळ तरी जाऊ देईन काय?" गफ्फार म्हणाला.

"आपन कायले जायचं?" नलू एकदम थांबली. "साहेबच पाळीवर आला तं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रस्त्याच्या कामापाशी हजर! पुढं खडी पसरली होती, म्हणून तिथं ड्रम आडवा टाकून बाणाची पाटी लावली होती. बाण डाव्या हाताला, वळणवाटेकडं. मुकादम पलीकडच्या टोकाला हार घेऊन साहेबांची वाट पाहत होता. गफ्फार आणि नलूनं पाटी उपटली, बाण उजवीकडं, मुरमाच्या वाटेकडं, फिरवला आणि ड्रम गडगडत नेऊन वळणवाटेच्या तोंडाशी ठेवला. चिंचेवर चढलेल्या प्रेमसिंगनं शीळ घातली. जीप आली, क्षणभर थांबली आणि मुरमाच्या वाटेला लागली!

"हान सायकल!"

ते पोचले तेव्हा जीपची पुढची चाकं पाळीच्या पायथ्याशी चिखलात रुतली होती. साहेब बुटांनी चिखल तुडवत खाली उतरले. तापले होते.

"पाटी कुणी फिरवली?"

"म्या फिरवली!" नलू म्हणाली. "तुमच्या रस्त्यासाठी आमची पाळ खाल्ली! कोनी ऐकत नाही. मंग काय करू?"

गफ्फारनं खिशातले शंख पुढं केले. "हे नव्या रस्त्यात सापडले, साहेब."

साहेबांनी शंख पाहिले, खणलेली पाळ पाहिली. मग पायाखालचं पाणी ओंजळीत घेतलं. ते मातकट होतं.

"कालही असंच गढूळ होतं?"

"नाही. काल नितळ होतं."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आतली माती वाहून येते आहे. वस्ती रिकामी करा! आत्ताच्या आत्ता! आणि मुरमाचे ट्रक इकडं वळवा, सगळे!"

प्रेमसिंग रस्त्याकडं सुटला. गफ्फार आणि नलू दलदलीच्या वाटेनं वस्तीकडं. वाट कसली, लव्हाळ्यातून गेलेली मुरमाची रेघ! नलूचं पुढचं चाक दगडावर आपटलं, वाकलं, दर फेऱ्याला चिमट्याला घासू लागलं. ती उभी राहून पायडल मारत होती.

"मावशी! भाहीर निंघा! पाळ फुटते! उंचावर चला!"

नलूची मावशी रुखमाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. नलूचं तोंड पाहताच तिनं शेजारचं तान्हं उचललं आणि साऱ्या वस्तीला हाका मारत सुटली. म्हातारी माणसं, पोरं, बकऱ्या उंच माळावर पोचल्या. हाती फावडं धरू शकणारी सगळी माणसं पाळीकडं वळली.

तोवर ट्रक आले. मुकादम हातात हार तसाच घेऊन धावत आला. "साहेब, ही पोरं बदमाश..."

"हार ठेवा आणि टोपलं उचला!" साहेब गरजले. "तुमच्या कामाचा जाब मी नंतर घेणार आहे."

दगड पडले, त्यावर मुरूम पडला, माणसं धुमस घेऊन तो ठोकत राहिली. पाण्याचा जोर कमी व्हावा म्हणून साहेबांनी तळ्याची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडवली. दिवस कलला तेव्हा पायथ्याचं पाणी पुन्हा नितळ झालं होतं. साहेबांनी ते तिघांना दाखवलं.

"पाटी फिरवणं गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा," ते म्हणाले. मग त्यांनी नलूच्या डोक्यावर हात ठेवला. "पण आज तुम्ही ती फिरवली नसती, तर उद्या मला इथं तोंड दाखवता आलं नसतं."

गावातली माणसंही आली होती. पाटील पुढं होऊन मोठ्यानं म्हणाले, "शाबास! पोरीनं गावाचं नाव काढलं!"

"कोनत्या गावाचं, पाटील?" नलूनं विचारलं.

पाटील मागं सरकले. रुखमाबाईनं नलूला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्या वस्तीची पोर हाय थे!"

रहमतचाचा मुलांना शोधत येऊन पोचले होते. वाकलेलं चाक पाहून नलूनं मान खाली घातली. चाचांनी चाक फिरवून पाहिलं.

"तारा तुटल्या, रिम गेली," ते म्हणाले. "जाऊ दे. चाक नवं बसवता येते, बेटी. उद्या दुकानात ये. तूच बसव, मी बाजूले बसून पाहीन."

"अन् मंग पयली इकडंच चालवत आनीन," नलू म्हणाली. "पाळ पाहाले."