तिसरा पुकारा

आमच्या चर्चमध्ये बाक ज्याचा त्याचा. पेन्बर्थींचा बाक डाव्या भिंतीला, समुद्राकडच्या खिडकीखाली. भिंतीकडची जागा माझ्या लेकाची, जेबेझची. तो होडीसकट समुद्रात गेल्यापासून तिथे कुणी बसलेलं नाही. ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याच्या जागेवर बसत नाहीत, ही आमच्या किनाऱ्याची रीत. गुडघे टेकायची पेंढ्याची उशी तेवढी मी शनिवारी झटकून पुन्हा तिथेच ठेवते.

सात वर्षं उलटली तेव्हा मीच सुनेला म्हटलं, "केझाया, तो सॅमसन लोहार तुझ्या मागे आहे ना? कर लग्न." सॅमसनचं घर आत, टेकडीपलीकडे. तिथे लाटेचा आवाज जात नाही. केझायाला बाकी काही नको होतं. माझ्या घरात तिने सात वर्षं झोप घेतली नव्हती. रात्रभर खिडकीशी कान लावून बसायची. चेहरा मिठातल्या तारली मासळीसारखा झाला होता. ती माझ्याकडेच राहती तर टिकली नसती.

लग्नाआधी तीन रविवार पाद्री पुकारा करतात. दोघांची नावं घेतात आणि विचारतात, हे लग्न होऊ नये असं कुणाला काही कारण ठाऊक असेल तर सांगा. मग थोडं थांबतात. कुणी बोललं की लग्न अडलं. कुणी बोलत मात्र नाही. मी जन्मात ऐकलेलं नाही.

पहिल्या रविवारी पाद्री थांबले आणि माझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी आपण छाती भरून घेतो, तसा. केझाया माझ्या उजवीकडे होती. श्वास डावीकडून आला.

पाद्रींनी पुढचं वाचायला घेतलं. मी खाली बघितलं. भिंतीकडच्या उशीत दोन खळगे पडले होते आणि दोन्हींत पाणी होतं. बोट बुडवून चाखलं. खारट.

"पेन्बर्थीबाई, कड्यावरचं चर्च म्हटलं की ओल यायचीच," प्रार्थना संपल्यावर मी उशी दाखवली तेव्हा पाद्री म्हणाले.

"छपरातून खारं पाणी गळतं का हो?" मी विचारलं. त्यांनी टोपी घातली नि निघाले.

मी उशी घरी आणली, चुलीपुढे ठेवून कडक वाळवली. दुसऱ्या रविवारी पुन्हा जागेवर ठेवली. पाद्री थांबले. श्वास आला. त्यामागून घसा खाकरल्याचा आवाज आला. खोल, भरलेला, घशात पाणी हलल्यासारखा. पुढच्या बाकावरच्या माना वळल्या. माझ्याकडे.

बाहेर पडल्यावर मिसेस हॉकिनने गाठलंच. "काय गं पेन्बर्थी, बोलायचं असेल तर उभी राहून बोल की. सुनेचं सुख बघून पोटात दुखतंय होय?"

"दुखलं तर तुझ्या दारात औषधाला येईन," मी म्हटलं. "तोवर पुढे बघून बसत जा. मान मोडेल."

त्या आठवड्यात केझाया जेवली नाही. बटाटे सोलता सोलता म्हणाली, "आई, तुम्हीही ऐकलंत ना?"

"काय?"

"त्यानं हरकत घेतली तर?"

"मेलेल्याला चर्चमध्ये हरकत घेता येत नाही."

"मेलाय हे कुणी पाहिलंय?"

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. बटाटे मीच सोलले.

तिसऱ्या रविवारी ऊन होतं. समुद्र सपाट पडला होता. आम्ही बाकात शिरलो आणि मी सरकत सरकत थेट भिंतीपर्यंत गेले. त्याच्या जागेवर बसले. सगळ्या चर्चने पाहिलं. बघू देत. पाहू म्हटलं, आता कुठे बसतोस.

पाद्रींनी नावं घेतली. केझायाने डोळे मिटून घेतले होते. पाद्रींनी प्रश्न विचारला आणि ते थांबले.

माझ्या मांडीवर गारठा उतरला. मग वजन.

पुरुषाचं नव्हे. लहान वजन. घागरा भिजून मांडीला चिकटला. एक पाठ माझ्या छातीला टेकली आणि ती फुगू लागली. श्वास भरत होता.

मी हात उचलला आणि जिथे तोंड असायला हवं तिथे घट्ट दाबला.

तोंड होतं.

ओठ थंड होते, हलत होते. मी दाबून धरलं. पाद्री पुस्तकाचं पान उलटायला फार वेळ लावत होते. मग तळव्यात कळ गेली. मी हात काढला नाही.

"तिसरा आणि शेवटचा पुकारा," पाद्री म्हणाले आणि भजनाचा आकडा सांगितला.

वजन गेलं.

केझाया उभी राहून गात होती. सात वर्षांत तिचा गाता आवाज मी ऐकला नव्हता. दारात तिने माझा भिजलेला हातमोजा ओढून काढला. तळव्यावर दातांची गोल खूण होती. अगदी इवली, दुधाच्या दातांची. पुढे वरच्या दोन दातांची जागा मोकळी. सहाव्या वर्षी जेबेझची होती तशीच.

केझायाने खूण पाहिली. तिचा चेहरा पडला. "आई, मी नाही जात. मी इथेच—"

"गुरुवारी लग्न आहे," मी म्हटलं. "जायचं, आणि मागे फिरायचं नाही."

ती गेली. सॅमसन सांगतो, दुपारीसुद्धा झोपते. पोटुशी आहे.

माझी खूण भरत नाही. मलम लावलं, मीठ लावलं, उपयोग नाही. दुखत नाही म्हणून मी लक्ष देणं सोडलं होतं. परवा पीठ मळायला बाह्या वर केल्या आणि हात उजेडात धरला. मोकळ्या जागेत दोन नवे दात उमटले आहेत. बाकीच्यांपेक्षा मोठे.