बदामी चौकडीचा शर्ट

सकाळी आठ वाजता हॉटेलच्या नाश्त्याच्या दालनात झुंबड उडाली होती आणि आत्याच्या बशीत पपईची एकच फोड होती.

"एवढंच?" मिरची म्हणाली.

"एवढंच पुष्कळ झालं."

"आत्या, इथं चाळीस भांडी मांडलीत. लोक लाजबीज सोडून तीन-तीनदा उठताहेत. आणि तू त्या फोडीशी गप्पा मारत बसलीयस!"

मिरची ही आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. बोलायला लागली तीच उलट उत्तरं देत, म्हणून घरात तिला मिरची म्हणू लागले. पस्तिशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. आत्या शिवणकाम करायची. चव्वेचाळीस वर्षं तिनं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. पण भाऊ गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांत तिचं अंग निम्मं झालं होतं. दिवसातून एकदा जेवायची, तेही चार घास. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून पाहिल्या, दुखणं काही सापडलं नाही. "अशाच राहिल्या तर वर्ष काढणार नाहीत," असं त्यांनी मिरचीला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हा मिरचीनं रजा टाकली आणि आत्याला लाँचमध्ये बसवून या बेटावर आणलं. चार दिवस, समोर समुद्र, तीन वेळा आयतं जेवण.

आत्या का खात नाही, ते फक्त आत्यालाच ठाऊक होतं. भाऊ शेवटचे पाच आठवडे दवाखान्यात होता. पोटाचं दुखणं, तोंडानं काही द्यायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. शेवटच्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "ताई, एक उकडलेलं अंडं दे गं. एकच." ती म्हणाली, "उद्या विचारू डॉक्टरांना." त्याला उद्या उजाडला नाही. जन्मभर काटकुळा, सगळी गल्ली त्याला काडी म्हणायची, आणि गेला तोही उपाशी. तेव्हापासून आत्यानं घास उचलला की तो घशाशी अडायचा.

तिनं पपईची फोड अर्धी केली आणि उगाच इकडंतिकडं पाहिलं. कुणाची कॉलर नीट बसली नाही, कुणाची बाही चुकली, हे बघायचा तिचा चाळा. वाढप्यांचे गणवेश तर एकाच मापाचे कापून सगळ्यांच्या गळ्यात मारले होते. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला, अंड्यांच्या शेगडीपाशी, एक पाठ तिच्या नजरेत भरली.

लठ्ठ, आनंदी पाठ. बदामी रंगाचा, बारीक चौकडीचा शर्ट. 'उसवून मोठा केलाय,' आत्याच्या मनात आलं. शिवणीच्या आत माया म्हणून दडवलेल्या जादा कापडाला ऊन-पाणी लागत नाही, त्याचा रंग कोरा राहतो. कपडा मोठा केला की तेवढा पट्टा गडद दिसतो. या शर्टाच्या दोन्ही कुशींना असे दोन गडद पट्टे होते, काखेपासून खालपर्यंत. दोन-दोन बोटं रुंद.

इतकी माया कुणी शिंपी सोडत नाही. अर्धं बोट सोडतात, फार तर एक.

मग तिला डावा खांदा दिसला. उजव्यापेक्षा जरा उतरलेला. आणि पाठीवरच्या पट्टीची चौकडी त्या उतरत्या खांद्यावरही एक रेघ न चुकता जुळवलेली.

आत्याच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"काय झालं गं?"

"काही नाही. ठसका लागला."

तिनं पुन्हा पाहिलं तेव्हा पाठ खांबाआड गेली होती.

काडी पोस्टमन होता. तीस वर्षं टपालाची पिशवी वाहून त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरला होता. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून आत्यानं त्याच्यासाठी एक शर्ट शिवला होता, हातानं. बदामी चौकडीचा. घरी येईल, अंग धरेल, मग घट्ट नको व्हायला म्हणून दोन्ही कुशींत दोन-दोन बोटं माया सोडली होती. शेवटी तोच शर्ट त्याला घातला. बटणं तिनंच लावली. त्याच शर्टात त्याला पोचवला.

आत्या काही भोळसट नव्हती. खोलीत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःला बजावलं, की जगात बदामी चौकडीचं कापड काही एकाच ताग्यात निघत नाही. उतरलेले खांदेही पुष्कळ. पण एक गोष्ट तिला गप्प बसू देईना. तो शर्ट फिका पडला होता. पट्टे गडद दिसावेत इतका. म्हणजे धुतला होता, वाळवला होता, पुन्हा घातला होता, महिनोन् महिने. आपल्या मनाचे खेळ म्हणावेत, तर मनाला नवाकोरा शर्ट दिसायला हवा होता. तिनं तो नवाकोराच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सात वाजताच ती तयार होऊन बसली.

"आज सूर्य कुठं उगवला?" मिरची डोळे चोळत म्हणाली.

"समुद्रात. चल लवकर."

तो आला साडेसातला. पुन्हा पाठच. बशी भरून घेतली, पावाचे चार तुकडे, वर लोणी, केळी दोन. आत्या उठली आणि टेबलांच्या मधून निघाली. पण कधी कुणाची खुर्ची आडवी यायची, कधी वाढप्याचा ट्रे. ती शेगडीशी पोचली तेव्हा तिथं फक्त अंडी करणारा आचारी उभा होता.

"आत्ता इथं एक गृहस्थ होते. चौकडीच्या शर्टातले."

"ते होय! चार उकडलेली नेली, आजी. रोजचं आहे. आणि वर म्हणतात, पाचवं ठेवा, परत येतो."

आत्यानं शेगडीच्या कडेला हात टेकला. "चेहरा कसा आहे हो त्यांचा?"

आचाऱ्यानं कढईतलं अंडं उलटलं. जरा विचार केला. पुन्हा विचार केला. "चेहरा..." तो म्हणाला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "रोज येतात हो. हातच डोळ्यांसमोर येतात बघा, बशी पुढं केलेले. चेहरा काही आठवेना."

"कुठल्या खोलीत राहतात?"

"आम्ही नाही विचारत. भुकेला माणूस आला की वाढायचं." मग त्यानं तिच्याकडं खालीवर पाहिलं. "तुम्हाला देऊ का एक?"

आत्यानं नको म्हणून मान हलवली. पण परत येताना तिच्या बशीत पावाचा एक तुकडा होता. मिरचीनं तो पाहिला आणि जीभ दातांखाली धरून गप्प राहिली. बोलली असती तर आत्यानं तो परत ठेवला असता.

दुपारी दोघी वाळूत छत्रीखाली पडल्या होत्या. समुद्र गुडघाभर पाण्यापर्यंत स्वच्छ, पुढं हिरवा. पोरं ओरडत होती. आत्या एकदम म्हणाली, "मिरचे, तुझ्या बापाला मी अंडं दिलं नाही."

"काय?"

"शेवटच्या दिवशी. त्यानं मागितलं होतं. एकच. मी उद्या म्हटलं."

मिरची उठून बसली. बराच वेळ तिनं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. "त्यांनी माझ्याकडं सकाळीच मागितलं होतं," ती म्हणाली. "मी तर ओरडले. म्हटलं, बाबा, लहान मुलासारखं काय करताय!"

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू तरी बोललीस?"

मिरचीनं नाक पुसलं. "काडीच होते बिचारे. गेले तेव्हा चाळीस किलोसुद्धा नव्हते."

"आता नाही तसा," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे... सुटला असेल ना आता. पथ्यातून."

मिरचीनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिरची पोहायला गेली होती. आत्यानं धुवायला दिलेले कपडे दाराच्या मुठीला पिशवीत लटकवून कुणीतरी गेलं. तिनं पलंगावर पिशवी उपडी केली. तिचे दोन ब्लाउज, मिरचीचा कुर्ता, दोन टॉवेल.

आणि शर्ट.

इस्त्रीची ऊब अजून गेली नव्हती. आत्या तो घेऊन खिडकीशी गेली. आधी कॉलर उलटली. मग खांदा पाहिला. मग बटणांची काजं मोजली, सहा, प्रत्येकाला वळणावर तीन टाके जास्त. तीन टाके जास्त तिच्याशिवाय कुणी घालत नसे.

तिनं कुशी उलगडली. जुन्या शिवणीच्या सुईची भोकं ओळीनं दिसत होती, ती तिची. त्यांच्यापासून दोन बोटांवर नवी शिवण होती, तीही हातची. बारीक, घट्ट उलटी टीप. टाके तिच्या टाक्यांच्या उलट्या बाजूला कललेले. डावखुऱ्या माणसाचं काम. ती ओळखीतल्या सगळ्या डावखुऱ्यांना आठवू लागली, आणि थोड्या वेळानं तिनं आठवणं सोडून दिलं.

माया सगळी संपली होती. जेमतेम दोन सुतं उरली होती. आणि तरीही उजव्या काखेत कापड ताणून विरलं होतं, फाटायच्या बेतात.

तिसऱ्या बटणापाशी अंड्याच्या बलकाचा डाग होता. धुऊनही पुरता न गेलेला.

आत्या तो डाग बघत बसली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग धरवेना. "काड्या!" ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "अरे मेल्या, पोट सुटलं की तुझं!" हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अकरा महिने छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसा तिला श्वास आला. पोटाच्या तळापर्यंत.

मग तिनं पर्समधून सुई-दोरा काढला. वाढवायला कापड कुठून आणायचं? तिनं छातीवरचा खिसा उसवला. खिशाखालचं कापड जसंच्या तसं, कोरं निघालं. खिशाच्या कापडातून दोन कळ्या, छोटे तिकोनी तुकडे, कापल्या आणि दोन्ही काखांत बसवल्या, चौकडीला चौकडी जुळवून. आता हात वर केला तरी तटतटणार नव्हतं. खालच्या पट्टीतही बोटभर ढिलाई काढली. हात एकदाही थांबला नाही.

मिरची ओल्या केसांनी आत आली तेव्हा शर्ट घडी होऊन पिशवीत गेला होता.

"मिरचे, भूक लागलीय."

मिरची दारातच उभी राहिली. "काय म्हणालीस?"

"कानात पाणी गेलंय का? भूक लागलीय म्हटलं. कडाडून."

त्या दिवशी आत्या दोनदा उठली. भात घेतला, डाळ घेतली, मासा घेतला, शेवटी दोन उकडलेली अंडी. मिरची समोर बसून नुसती बघत होती आणि मधूनच पाणी पीत होती. "सावकाश गं बाई," ती म्हणाली. आत्या तोंड भरलेलं असताना म्हणाली, "तुझ्या बापासारखं बोलू नकोस." मिरची इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

चौथ्या दिवशी अकराची लाँच होती. नाश्ता भरपेट झाला. मिरची सामान भरत होती तेव्हा आत्या पिशवी घेऊन हॉटेलच्या मागच्या अंगाला गेली.

धुलाईची खोली लांबट होती, एका बाजूला धडधडणारी चार यंत्रं, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल. भिंतभर खणांचं फडताळ, प्रत्येक खणावर खोलीचा आकडा. धुलाईवाली आत्याच्याच वयाची, पदर खोचलेली बाई होती.

"हा आमच्यात चुकून आला," आत्या म्हणाली.

बाईनं शर्ट घेतला आणि काखेतली कळी अंगठ्यानं चाचपली. "बरं केलंत," ती म्हणाली. "फाटणारच होता."

"कुठल्या खोलीचा?"

"या कपड्यांना खोली नसते, बाई." ती फडताळाच्या टोकाला गेली. तिथं आकडा नसलेला एक खण होता. "इथं ठेवायचे. सकाळी नसतात. मळले की परत येतात."

"आणि उसवून कोण देतं?"

"मला तर बटणही लावता येत नाही," बाई म्हणाली. बाहेरून कुणीतरी चादरींचा गठ्ठा आला म्हणून हाक मारली, आणि ती शर्ट इस्त्रीच्या टेबलावर ठेवून गेली.

आत्यानं शर्ट उचलला आणि स्वतः त्या खणाशी नेला. हलक्या हातानं आत ठेवला, कॉलर वर करून. दोन वेळा थोपटला. जीव असा भांड्यात पडला होता, की तिला गुणगुणावंसं वाटत होतं.

शर्टाच्या शेजारी एक फ्रॉक होता.

दोनेक वर्षांच्या मुलीच्या गळ्याचा. पण लांबी त्या गळ्याची नव्हती. आत्यानं तो उजेडात धरला. खालच्या घेराला आडवे पट्टे होते. पहिला जरा गडद. त्याच्याखालचा अजून गडद. त्याच्याखाली तिसरा, चौथा, पाचवा. दर वर्षी एक दुमड सोडली होती. फ्रॉक आता सात वर्षांच्या मुलीला आला असता.

आईनं शिवताना बऱ्याच दुमडी घातल्या होत्या. पोर वाढेल म्हणून, आत्यानं काडीसाठी माया सोडली होती तशा.

सहावी दुमड अर्धी सोडलेली होती. नवी टीप घेराच्या मध्यापर्यंत आली होती, बारीक, घट्ट, उलटी कललेली, शर्टावरच्याच डावखुऱ्या हाताची. तिथून दोरा खाली लोंबत होता आणि दोऱ्याच्या टोकाला सुई.

सुई अशी लोंबती ठेवू नये. कुणाला टोचते. कापडात खोवून ठेवावी म्हणून आत्यानं ती चिमटीत धरली.

सुई गरम होती. आत्ताच कुणाच्या बोटांतून सुटल्यासारखी.