गादीवर न झोपलेला माणूस

टक्! भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि दुपारची शांतता मोडली. मी श्वास रोखून पाहिलं. माझी लेक प्लॉय नुसती कुशीवर वळली... झोपली पुन्हा. म्हणजे अजून अर्धा-पाऊण तास माझा.

या वेळात मला एक सकाळ लिहायची आहे. सात वर्षांपूर्वीची, लांपांग शहरातली.

लामाय मावशींचं मसाजचं दुकान नदीकाठच्या जुन्या बाजारात होतं, आणि मी तिथे अगदी नवी. उन्हाळ्याची सकाळ. दारात एक पांढरा शर्ट येऊन उभा राहिला. त्याची मान डावीकडे वळत नव्हती, म्हणून बिचारा सगळं अंग वळवून पाटी वाचत होता. आयतं गिऱ्हाईक!

"या, या, बसा," म्हणत मी त्याला चौरंगावर बसवलं. घंगाळात लिंबाची पानं चुरगळली आणि रिवाजाप्रमाणे पाय धुवायला घेतले.

"अहो, मी जरा—"

"ताप? रक्तदाब? हाड मोडलं होतं कधी? दारू घेतलीय?"

"सकाळी अकराला?"

"विचारावं लागतं. नियम आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचे कान आधी लाल व्हायचे... हे तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या.

पाय पुसले, गादीपाशी बसवलं. अंगाला हात लावण्याआधी डोळे मिटून, हात जोडून गुरूंचं स्मरण केलं. डोळे उघडते तो काय — त्याच्या हातात ओळखपत्र!

"जिल्हा आरोग्य कार्यालय. तपासणीला आलोय... मघापासून तेच सांगतोय."

मला वाटलं, घंगाळात उडी मारावी.

तो उठला, भिंतीवरची आमची परवान्याची कार्डं वाचू लागला. "यातल्या सोमजाय कोण?"

"अशी कुणी नाही हो इथे!" आतून मावशी ओरडल्या.

"मावशी, अहो मीच ती!" मी म्हणाले. सगळं गाव मला ऑय म्हणतं. खरं नाव कुणाला ठाऊक असणार?

"पण तुमच्या ओळखपत्रावर तर नत्थरिका आहे," माझं ओळखपत्र मागून घेत तो म्हणाला.

मग सांगावंच लागलं. मी स्कूटरवरून पडले, तेव्हा आई घाबरून भन्तेंकडे गेली. ते म्हणाले, नाव बदला, ग्रह निवतील. नाव बदललं. ग्रह निवले. कार्ड तेवढं बदलायचं राहिलं.

"म्हणजे नत्थरिकाकडे परवाना नाही, आणि सोमजाय आता उरलेली नाही," तो वहीत पाहत म्हणाला.

"मग आत्ता तुमचे पाय कोणी धुतले?"

कान लाल लाल झाले. पण लिहायचं ते त्याने लिहिलंच — दुरुस्ती होईपर्यंत काम बंद.

त्या कार्डाच्या शिक्षणाची फी भरायला मी वर्षभर बांधकामावर विटा वाहिल्या होत्या. गावी आईचं घर त्याच्यावर चालायचं. त्या संध्याकाळी टॉवेलांच्या घड्या घालताना मी त्याला मनात काय काय म्हणाले, ते लिहीत नाही.

रविवारी तो पुन्हा आला. साध्या कपड्यांत, हातात दुरुस्तीला लागणाऱ्या कागदांची यादी.

"नाव बदलल्याचा दाखला कुठाय?"

"उंदरांनी खाल्ला."

"मग गावच्या कचेरीतून दुसरा काढू. मी येऊ सोबत? आज सुट्टी आहे माझी... साहेब म्हणून नाही."

"मग काय म्हणून?"

"वुत म्हणून."

"पी वुत म्हणेन. वयाने मोठ्यांना 'पी' लावतात."

"किती मोठा वाटतो?"

"मानेवरून विचाराल तर साठ."

मग गावाला दोन फेऱ्या झाल्या. टपाच्या गाडीत समोरासमोर बसायचो, गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून दोघंही केवढे सांभाळून! अड्ड्यावर खाओ सोय खायचो. तो आपल्या वाडग्यातला कुरकुरीत शेवयांचा थर गुपचूप माझ्याकडे सरकवायचा. मी पाहिलंच नाही असं दाखवायची...

महिन्याने नवं कार्ड आलं. मी त्याला फोन केला. "या आता! गादी घातलीय. पहिला मान तुमच्याच मानेचा."

आला. पण उंबऱ्याबाहेरच उभा, पायांतले बूटही काढेना.

"मला मसाज नको, ऑय."

माझा चेहरा पडला. इतके दिवस नुसती कीवच केली होती का याने?

"एकदा त्या गादीवर झोपलो की मी तुझं गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाशी नातं—" तो अडखळला. "तुम्हाला शिकवतात ना ते. तुझं कार्ड जाईल."

"आणि तपासणारे साहेब? त्यांचं काय?"

"या बाजाराची फाईल मी आज दुसऱ्यांकडे दिली. आता मी तुझा साहेब नाही. गिऱ्हाईक व्हायचं नाही. मग जे उरतं ते... होऊ का?"

मी गादीवरची चादर पुन्हा एकदा सारखी केली.

"अगं हो म्हण एकदाची!" मावशी आतून ओरडल्या. "दार उघडं, सगळा गारवा चाललाय बाहेर!"

मी हो म्हटलं.

लग्नानंतर मावशींनी दुकान माझ्या नावावर केलं, आणि कचेरीत कुजबुज सुरू झाली. बायकोच्या दुकानाचे कागद नवऱ्याच्या कचेरीत, मग कोण काय बोलणार, वगैरे. लबाडी कुणी केली नव्हती. पण पी वुतने स्वतःच बदली मागितली. नान शहरात, चार तासांवर. शुक्रवारी येतो, रविवारी जातो.

"मी कार्ड परत करते," एकदा मी म्हणाले होते. तो जेवता जेवता थांबला. "ज्या कार्डासाठी मी मान वाकडी ठेवली, ते?" मग हसला. आधी कान...

आज बुधवार. शेजारच्या खोलीत गादी सळसळली. प्लॉय उठून दारात आलीय, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. नानची बस बुधवारी का येत नाही, हे कालच विचारून झालंय. आज तिने बराच विचार केलेला दिसतो.

"आई, बाबाला रोज घरी यायला कुणाची परवानगी लागते?"