मोडक्या चोचीचा मोर

राजूरच्या गणपतीच्या पायथ्याशी, ऐन संकष्टीच्या गर्दीत, साखराबाईचा बैल रस्त्यात मधोमध बसला.

बसला तो बसलाच. साखरानं त्याला चुचकारलं, शेपटी पिरगाळली, शेवटी गणपतीला सोडून त्यालाच हात जोडले. बैल ढिम्म. मागच्या गाड्या खोळंबल्या आणि गाडीवान ओरडायला लागले. तेवढ्यात कोणीतरी हसलं.

तिनं वळून पाहिलं. खाकी डगल्यातला, खांद्यावर पिशवी टाकलेला एक शिपाई उभा होता. उन्हानं रापलेला, आणि डोळे असे की तोंड मिटलं तरी ते हसतच राहावेत.

"हसायला काय झालं? पलटणीत बैल नसतात वाटतं?"

"बैल न्हाई, खच्चरं असतात. मी खच्चरांच्याच पलटणीत व्हतो," तो म्हणाला. "खच्चर बसलं की मारून उठत न्हाई. कानात बोलावं लागतं."

तो पुढे झाला, बैलाच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. बैलानं कान हलवला... आणि चक्क उठला!

"काय सांगितलंत त्याला?"

"ते माझ्यात आणि त्याच्यात."

साखरा टेंभुर्णीची सून. जाफराबाद तालुक्यात तिला नावानं फारसं कोणी ओळखत नसे. सगळे म्हणत पलटणवाली. लढाईच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बरीच माणसं पलटणीत गेली होती, आणि मागं उरल्या होत्या त्यांच्या बायका, लेकरं, म्हाताऱ्या. कोणाचं रान पडीक, कोणाचं बाळंतपण अडलेलं. साखरानं एकेकीला गाठून सावड बांधली. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. पुरुष नाहीत म्हणून गाडीचा कासराही तिनंच धरला. बाईनं गाडी हाकली म्हणून गावात चार दिवस तोंडं वाजली. मग त्याच तोंडांनी बाजाराला जाताना गाडीत जागा मागितली.

दर संकष्टीला ती कोणा ना कोणा पलटणवालीला राजूरला आणायची. आज गाडीत गोजरबाई होती, शेजारच्या वस्तीवरची. तिच्या नवऱ्याची कितीतरी दिवसांत काहीच खबर नव्हती. लढाई संपली, माणसं परतू लागली, तरी त्याचा काही पत्ता नाही. आज ती देवापुढं इतकी रडली होती की पुजाऱ्यानं तिला दोन वेळा प्रसाद दिला.

"दादा, कुठं जायचं?" गोजरबाईनं शिपायाला विचारलं.

"टेंभुर्णीला."

"मंग चला की! ही टेंभुर्णीचीच हाय."

तो गाडीत बसला नाही. बैलाशेजारून चालत निघाला. दुपार कलली होती. दोन्ही अंगांना कणसांनी वाकलेली ज्वारी, तिच्यावरून येणारा गार वारा, आणि कोणाच्या तरी रानात भाजलेल्या हरभऱ्याचा वास. उपाशी पोटी तो वास फार छळत होता.

गोजरबाई जिथं तिथं दादा-दादा करत होती. साखरालाही तेच म्हणायचं होतं. परक्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण दादा म्हणायला जीभच वळेना. तिला स्वतःचंच नवल वाटलं, आणि थोडी भीतीही.

"पलटणीतले कोणी हायेत का तुमच्या घरचे?" त्यानं विचारलं.

"आमचे हायेत ना!" गोजरबाई सरसावली.

"नाव काय त्यांचं?"

झालं! गोजरबाईनं पदर दातात धरला. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? माणूस हरवला तरी चालेल, पण नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात.

"नवनाथांत पहिलं कोण?" तिनं कोडं घातलं.

"मच्छिंद्रनाथ."

"तेच!"

तो थांबला. "मच्छिंद्र? बुटका? झोपेत गाणारा?"

"गातात! लई मोठ्यांदा!"

"अवो, मंग तो पुण्याच्या दवाखान्यात हाय! पायाला लागल्तं. आता काठी घेऊन चालून राह्यला. मीच निरोप घेतला त्याचा. येईल जल्दीच."

गोजरबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. साखरानं कासरा गुडघ्याखाली दाबला आणि तिला जवळ घेतलं. किती रात्री दोघी एका वाकळीखाली जागल्या होत्या, त्या सगळ्यांचं आज चीज झालं. रडून रडून गोजरबाई दमली आणि कडब्यावर मुटकुळं करून झोपी गेली.

गाडी चालत राहिली. बैलाच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता.

"आणि तुमचे?" त्यानं हळूच विचारलं.

"माझे..." साखरा अडखळली. "दिवसा आभाळात काय असतं?"

"सूर्य."

"त्याला दुसरं काय म्हणतात?"

"रवी... भानू..."

"हां. त्यातला उकार काढा. आणि पुढं राजा बसवा, म्हणजे राय."

चालताना त्याचा पाय ठेचकाळला. मग तो बैलाच्या शिंगाकडे बघत चालला. साखरा गाडीतून पुढं वाकली.

"काय झालं? काही वाईट...?"

"न्हाई न्हाई! खुशाल हाय तो. बिलकुल खुशाल." त्याचा आवाज जरा बसला होता. "कसा दिसतो हो तुमचा माणूस?"

"मला काय ठावं?" साखरा खुदकन हसली. "मी त्यांना बघितलंच न्हाई. माझं लगीन त्यांच्या तलवारीशी लागलंय."

तसंच झालं होतं. साखराला हळद लागली, दोन्ही घरी मांडव पडला, आणि नवरदेवाची सुट्टी रद्द झाल्याची तार आली. लागलेली हळद उतरवायची कशी? सासऱ्यांनी आजोबांची तलवार काढली, तिला बाशिंग बांधलं आणि अंतरपाटापलीकडे पाटावर उभी केली. अक्षता पडल्या. साखरानं माळ घातली ती पितळी मुठीला. तेव्हापासून ती वाट बघत होती आणि एक काटा मनात बाळगून होती. उद्या तो माणूस आला आणि म्हणाला, लगीन तलवारीनं केलं, मी कुठं केलं... तर? ज्यानं तोंड पाहिलं नाही, त्याच्यावर हक्क तरी कसा सांगावा?

"तलवारीशी बोलता का कधी?"

"भांडते! दर आमुशाला तेल लावते आणि भांडते. म्हणते, तुझ्यापरीस विळा बरा, ज्वारी तरी कापतो."

तो मोकळं हसला. त्या हसण्यानं साखराच्या अंगावर शहारा आला, आणि लगेच तिनं पदर कपाळावर ओढला. अगं, काय चाललंय तुझं? ज्याच्यासाठी इतके उपास केले तो कुठं, आणि वाटेवरच्या शिपायाचं हसू तुला गोड लागतंय! गणपतीनं आजचा उपास नक्की मोडीत काढला असणार.

"तो भितो," शिपाई मधेच म्हणाला.

"कशाला? लढाईला?"

"बायकोला."

"अगं बाई! मी काय केलंय?"

"त्याच्या जिवाला एकच लागलंय... त्या पोरीला कोणी विचारलं? कधी न बघितलेल्या माणसाच्या तलवारीशी बांधली. तो म्हणतो, घरी गेलो की आधी विचारीन. नांदायचं का? न्हाई म्हनली, तर मानानं माहेरी पोचवीन."

इकडे ती ज्या काट्यानं झोपत नव्हती, तोच काटा तिकडे दूरदेशी त्यालाही टोचत होता! तिला एकदम तो न पाहिलेला माणूस फार जवळचा वाटला. आणि तरीही हा आवाज... हा आवाज सोडवत नव्हता. तिला रडूच यायला लागलं.

अंधार पडून बराच वेळ झाला होता. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मोराची चोच अजून मोडकीच असंल."

"मोडकीच हाय की," साखरा सहज म्हणाली.

आणि तिचा कासऱ्यावरचा हात थबकला.

तलवारीच्या मुठीवर पितळी मोर होता. त्याची चोच मोडली होती, कारण लहानपणी लेकानं आंबे पाडायला तलवारच भिरकावली होती, असं सासूबाई शंभरदा सांगायच्या. पण तिनं ह्याला मोराचं सांगितलं कधी? मूठसुद्धा सांगितली नव्हती! आणि घरच्या जुन्या वस्तूसारखं ‘अजून’ असं, ज्यानं चोच मोडली तोच म्हणणार.

ज्वारीच्या कणसांआडून चंद्र वर येत होता, पिवळाधमक. तिनं गाडी थांबवली, खाली उतरली, चंद्राला पाणी सोडलं. मग वळली आणि त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून, अगदी निवांत. आता तिला बघायचा हक्क होता. कपाळावर एक जुनी खोक, कान जरा मोठे... चांगले होते. आपलेच होते ते.

तिनं फडक्यातला तिळाचा लाडू काढून अर्धा त्याला दिला.

"तुमाला एक सांगू?" ती मान खाली घालून म्हणाली. "आमचे मालक आले ना, की मी त्यांना सांगणार हाय. वाटेत एक शिपाई भेटला. लई गोड बोलायचा. मला तर वाटलं, त्याच्याच मागं जावं!"

लाडू त्याच्या घशात अडकला. तो खोकायला लागला.

"अ-असं सांगणार?"

"बराबर असंच. आणि हेबी सांगणार, की त्याला मी दादा एकदाबी म्हनलं न्हाई."

तो खोकायचा थांबला. टक लावून तिच्याकडे बघत राहिला. तिचे ओठ हसू दाबून दाबून थरथरत होते.

"तुमाला... कळलं?"

"मोराला चोच नसली, तरी चुगली करता येते."

त्याच्या हातातला अर्धा लाडू तसाच राहिला. मग तो दोन पावलं पुढे आला. खच्चरांना आणि बैलांना वळवणारा हा माणूस, पण बायकोपुढं त्याला शब्द सापडेना.

"पलटणीतून नाव कापून आलोय, कायमचा. मी... साखरा, मला विचारायचं व्हतं... नांदशील का? कोणाचा हुकूम न्हाई. तुझ्या मनात असंल तरच."

आजवर इतक्या गोष्टी तिच्या गळ्यात पडल्या होत्या. मांडव, तलवार, रान, गाडी. विचारलं असं आज पहिल्यांदा कोणीतरी. साखराचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. सरळ उत्तर देईल तर ती साखरा कसली? तिनं पदर सावरला, चंद्राकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तोंडानं घेतलं:

"संकष्टीचा चांद आला ज्वारीच्या माथी,
तलवार गेली खुंटीला, रायभानराव हाती!"

त्यानं खरंच तिचा हात धरला. खडबडीत होता, कासऱ्यानं, विळ्यानं घट्टे पडलेला. त्यानं ते घट्टे अंगठ्यानं चाचपले आणि हात सोडलाच नाही.

"परत म्हण ना."

"नवऱ्याचं नाव सारखं घेत नसतात. आणि ऐका, उद्या गोजरबाईच्या रानात सावड हाय, हरभरा उपटायचाय. तिचे मालक यायच्या आत उरकायचं. तुमाला यावं लागंल."

"उद्याच? नवा नवरदेव मी!"

"पलटणवालीचा नवरा हायेत तुम्ही."

गाडीतून झोपाळू आवाज आला, "गं, नाव कोणी घेतलं?"

"कोणी न्हाई, झोपा तुम्ही!" दोघं एकदम म्हणाले आणि हसू आवरेना म्हणून दोघांनी तोंड फिरवलं.

साखरा गाडीवर चढली. कासरा हातात घेतला, पण बैल हाकला नाही.

"एक सांगा आधी. राजूरला ह्याच्या कानात काय बोललात?"

रायभान लाजला. तो बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत राहिला, मग तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"म्हनलं, ऊठ बाबा, ह्या बाईला घरी जाऊ दे. मलाबी जायचंय. माझी बायको वाट बघून राह्यली."