तुम्ही तिघं एकत्रच ना?

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायचंच असतं तर एखादी किंकाळी तरी घातली असती. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. तिने मला ते एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा ती उठून आत निघून गेली.

शनिवारची संध्याकाळ होती. बाहेर अजून चांगला उजेड होता.

मावशीच्या घरामागच्या गल्लीत नवा वाइन बार उघडला होता. एकदम उंची जागा. जाड काचेचं दार, मंद पिवळे दिवे, भिंतभर आडव्या ठेवलेल्या बाटल्या. काका, म्हणजे मावशीचे यजमान, मोठ्या आजारातून नुकतेच उठले होते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हात टेकले होते, पण काका परत आले. तेव्हापासून मावशी त्यांना डोळ्यांआड होऊ देत नव्हती. एखादा घोट चालेल असं डॉक्टर म्हणाल्याबरोबर काकांनी तिथे जायचा हट्टच धरला.

"अहो, आपल्याला तिथली रीत कुठे माहीत आहे?"

"रीत कसली त्यात? ते आधी घोटभर ओततात. आपण चाखायचं, मान हलवायची. मग सगळ्यांना वाढतात."

लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण आठवडाभर घरी पाण्याचा ग्लास घेऊन मान हलवायचा सराव करत होता. मावशी हसून हसून बेजार.

वेटरने दार उघडलं. काळा एप्रन, अदबशीर, हळू आवाज. त्याने मावशीसाठी खुर्ची ओढली. मग काकांसाठी.

मग तिसरी ओढली...

आणि तो थांबला. कोणीतरी नीट बसेपर्यंत थांबावं, तसा.

मग त्याने ती हळूच आत सरकवली.

मावशीने काकांकडे पाहिलं.

"मोठ्या ठिकाणी असंच असतं," काका पुटपुटले. "विचारू नकोस. उगाच हसं होईल."

इथेच सगळं चुकलं, असं मावशी म्हणते. तेव्हा नुसतं विचारलं असतं तरी...

वेटरने तीन ग्लास मांडले. बाटली आणली. काका सरसावून बसले.

पण तो काकांकडे आलाच नाही. रिकाम्या खुर्चीसमोरच्या ग्लासात त्याने घोटभर वाइन ओतली, एक हात पाठीमागे घेतला आणि वाट बघत उभा राहिला.

शेजारच्या टेबलावरचं बोलणं नेमकं तेव्हाच का थांबलं, कोण जाणे.

टक्...

ग्लास टेबलावर टेकल्याचा आवाज.

कोणाचाच हात हलला नव्हता.

"थँक्यू, सर," वेटर रिकाम्या खुर्चीला म्हणाला. मग त्याने मावशीला वाइन वाढली. काकांना सगळ्यात शेवटी.

मावशीने त्या तिसऱ्या ग्लासात पाहिलं. घोट संपलेला होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. काकांचं तोंडही उतरलं होतं, पण मान हलवायची संधी हुकली म्हणून.

जेवण कसंबसं उरकलं. निघताना वेटर टेबलाशी आला.

"तुम्ही तिघं एकत्रच ना?"

मावशी 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका घाईघाईने म्हणाले, "हो हो. एकत्रच."

चारचौघांत शोभा नको, एवढाच त्यांचा हेतू होता.

ते दोघं दारापाशी पोहोचले, तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला...

मावशीने घरी येईपर्यंत वळून पाहिलं नाही.

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग जिन्यात शेजारीण भेटली. "यजमान बरे आहेत ना? दिसले नाहीत कुठे," ती मावशीला म्हणाली.

काका मावशीच्या शेजारीच उभे होते.

"थट्टा करतेय ती," काका म्हणाले. मावशीलाही तसंच मानावंसं वाटलं.

मग दुकानदार. तो मावशीशी घडाघडा बोलला, पण काकांनी दोनदा भाव विचारला तरी त्याने मान वर केली नाही.

मग लिफ्ट...

मध्ये माणूस असला की ते दार आपोआप उघडतं. काका आत शिरत असताना ते मिटत आलं आणि त्यांच्या खांद्यावर बसलं. काकांनी ते जोर लावून ढकललं. "सेन्सर गेलाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तपासायला बसले. मावशीने मध्ये हात धरला. दार उघडलं.

काकांनी हात धरला.

दार मिटतच राहिलं...

काकांनी अवजारांची पेटी बंद केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मावशी घाबरली, पण तिने मनाशी ठरवलं. लाज गेली खड्ड्यात. जायचं आणि तोंडावर सांगायचं, की आम्ही दोघंच आहोत, तो आमचा कोणी नाही.

तीच वेळ. तोच वेटर. मावशीने काकांचा हात घट्ट पकडला होता. हात गार होता, पण होता.

वेटरने हसून मान लववली. एक खुर्ची ओढली, मावशीसाठी.

दुसरी ओढली...

थांबला. मग आत सरकवली.

आणि तिसरी उचलून शेजारच्या टेबलाला लावून टाकली.

काका उभेच राहिले.

"आज दोघंच ना, मॅडम?"

हेच तर सांगायला मावशी आली होती. वाक्य ओठांवर होतं. तिने काकांकडे पाहिलं. गर्दीत हात सुटलेलं पोर बघतं, तसे ते नुसते तिच्याकडे बघत होते.

आता 'हो, दोघंच' म्हटलं तर कोण उरेल, हे तिला तेव्हा कळलं.

"नाही!" ती एवढ्याने ओरडली की सगळा बार वळून बघायला लागला. "तिघं! आम्ही तिघं आहोत!"

वेटरने निमूटपणे खुर्ची परत आणली. काका बसले.

काका आजही आहेत. खणखणीत आहेत. दुकानदाराशी हुज्जत घालतात, लिफ्टचं दारही त्यांच्यासाठी उघडतं. मावशी मात्र कुठेही गेली तरी तीन माणसं सांगते. लोक हसतात, ती ऐकून घेते.

गेल्या रविवारी ती आणि काका आमच्याकडे जेवायला आले. मावशीने फोनवर तीनच सांगितले होते. आम्ही तीन खुर्च्या जास्त मांडल्या. काही विचारलं नाही.

जेवणं झाली. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आलो.

"गेले का सगळे?" बायकोने आतून विचारलं.

दोघांना जाताना मी पाहिलं होतं.

मी दार लावलं आणि काहीच बोललो नाही.