प्रश्न क्रमांक चारशे सतरा

मंगळवारी सकाळी पावणेबाराला आमदारबाई सभासद-निवासाच्या चौथ्या मजल्यावरच्या सज्जातून खाली पडल्या. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी आत्महत्या लिहून टाकली, आणि बुधवारच्या पेपरांनी तिचं कारणही छापलं. गुरुवारी बाईंची लेक वहिनींचा जिना चढून आली.

दार भाऊजींनी उघडलं. वहिनी ही त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हापासून ती खासगी तपासाची कामं घेत होती. भाऊजी तिला वहिनी म्हणत, म्हणून अशिलंही तेच म्हणू लागली. स्वतः भाऊजी टपाल खात्यात बत्तीस वर्षं पत्रं वेगळी करून निवृत्त झालेले. आता ते दार उघडत, चहा टाकत, आणि निम्मा तपास आपणच करतो अशा समजुतीत सुखात असत.

लेक खुर्चीच्या कडेवरच बसली.

"आईनं उडी मारली असेल तर मारली असेल," ती म्हणाली. "तेही मी सोसेन. पण ती विकली गेली नव्हती, एवढं मला खात्रीनं कळायला हवं."

सरकारी इस्पितळात नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या होत्या. पेटीचा तापमापक अडकायचा आणि पेटी तापतच राहायची. पाच महिन्यांत अकरा बाळं गेली. आमदारबाईंनी आरोग्यमंत्र्यांना लेखी प्रश्न टाकला: हे खरे आहे काय? किती बाळे दगावली? इस्पितळाने खात्याला आधीच कळवले होते काय, आणि कळवले असल्यास विलंबाची कारणे काय? आणि मंगळवारीच त्यांच्या सहीचं पत्र सभागृहाच्या कचेरीत पोचलं, की हा प्रश्न मी मागे घेत आहे.

"काल एक बाई दारात आली," लेक म्हणाली. "अकरातल्या एका बाळाची आई. म्हणाली, तुझ्या आईनं आमची बाळं विकली, आणि मग तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मेली. मी काय बोलणार होते तिला?"

भाऊजींच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. वहिनींनी चष्मा पुसला.

"सही?"

"आईचीच आहे. मी पाहिली."

"भाऊजी, चप्पल घाला."

सभागृहाच्या कचेरीत प्रश्नशाखेची एक खिडकी होती आणि खिडकीमागे एक जाडजूड कारकून. वहिनींनी बरोबर आणलेल्या फौजदाराला पाहून त्यानं मूळ पत्र मुकाट्यानं काढून दिलं. वर 'मंगळवार, ११.१०' असा आवकीचा शिक्का. दोन ओळींचा छापील मजकूर: 'इस्पितळातील ऊबपेट्यांबाबतचा माझा प्रश्न क्रमांक ४१७ मी मागे घेत आहे.' खाली सही.

"कुणी दिलं?"

"ट्रेमध्ये होतं हो. दहा ते एक मी या खुर्चीवरून हललो नाही, पण समोर ही झुंबड. कोण काय टाकतं ते बघायला मला चार डोळे नाहीत."

"पाकिटात होतं?"

"छे, उघडंच. इथं सगळं उघडंच येतं."

भाऊजींनी कागद उजेडाकडे धरला. त्यावर दोन आडव्या घड्या होत्या, मजकूर घड्या पडल्यानंतर त्यांच्यावरूनच छापलेला. "वहिनी, हा कागद एकदा पाकिटातून जाऊन आलाय. तीन भागांत. पाहताक्षणी सांगतो मी."

"सांगा, सांगा. तुमची बत्तीस वर्षं कुठंतरी कामाला येऊ देत." मग त्या कारकुनाकडे वळल्या. "सभासद वारला तर प्रश्न रद्द होतो का?"

"एकदा क्रमांक पडला की नाही. माणूस राहो न राहो, मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. फक्त सभासदानं स्वतःच्या सहीनं मागे घेतला, तरच प्रश्न मरतो."

"हा क्रमांक पडतो कधी?"

"प्रश्न आला की आम्ही पोचपावती देतो, तिच्यावर आवक क्रमांक असतो. छाननी होऊन यादी छापली की त्याला यादीतला क्रमांक मिळतो. ही यादी मंगळवारी दुपारी दोनला फळ्यावर लागली. उत्तराची तयारी करता यावी म्हणून संबंधित खात्याला तेवढी एक प्रत आदल्या संध्याकाळी जाते."

भाऊजींनी मान डोलावली. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाहेर पडताना ते म्हणाले, "आमच्याकडेही अस्संच. लोक यायचे, म्हणायचे, पाकिटावर रजिस्टरचा नंबर आधीच लिहून आणतो. अरे बाबा, पाकीट खिडकीतून आत आल्याशिवाय नंबर येणार कुठून?"

वहिनी रस्त्यातच थांबल्या. "भाऊजी, तुम्ही कधीकधी फार शहाण्यासारखं बोलता."

"कधीकधी?" भाऊजी म्हणाले, पण त्या पुढे निघून गेल्या होत्या.

रस्त्यापलीकडे सभासद-निवास. बाईंच्या खोलीत त्यांचा लेखनिक कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसला होता. रडून रडून त्याचे डोळे सुजलेले.

"कोणता प्रश्न मागे घेतला बाईंनी?" वहिनींनी विचारलं.

"बावीसशे शहाऐंशी. पण त्यांनी नाही घेतला! आदल्या रात्री मला म्हणाल्या, उत्तर आलं की आपण ते अकरा घरी स्वतः नेऊन देऊ."

"कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायच्या का त्या?"

लेखनिक ओशाळला. "वीस असायचे माझ्याकडे. सगळेच सभासद ठेवतात तसे. फौजदारसाहेबांनी मोजले, वीसच्या वीस आहेत. मी घडी घालत नाही, फायलीत सपाट ठेवतो."

"या वीसखेरीज?"

"एक गेला होता बाहेर. महिन्यापूर्वी रुग्णवाहिकांच्या प्रश्नात गावाचं नाव चुकलं होतं. आरोग्य खात्याचे कक्ष अधिकारी म्हणाले, सुधारून पाठवा. बाई दौऱ्यावर निघालेल्या, त्यांनी सही करून कोराच पाठवला, म्हणाल्या, तेच बरोबर लिहून घेतील. फार विश्वास टाकायच्या हो त्या."

"लिहून घेतलं?"

"गरजच पडली नाही. मी फोनवर दुरुस्ती सांगितली."

मंगळवारी अकराला बाईंनी त्याला ग्रंथालयातून एक अहवाल आणायला पाठवलं होतं. तो परतला तेव्हा खाली माणसं जमली होती. "वर आलो तर टेबलावर दोन कप काढलेले, किटली उकळून उकळून आटलेली. मला वाटलं, दुसरा कप माझ्यासाठीच असेल." भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खाली पहारेकऱ्यानं वही दाखवली. मंगळवारी सकाळी चौथ्या मजल्यावर कुणी पाहुणा गेल्याची नोंद नव्हती. सोमवारी मात्र पेट्यांचा पुरवठादार दोनदा आला होता.

"कुणीच आलं नाही मग?" भाऊजींनी विचारलं.

"कचेऱ्यांची माणसं फायली घेऊन येतात-जातात, साहेब. त्यांना कोण लिहितंय?"

पुरवठादार हसतमुख निघाला. एवढ्या मोठ्या गोष्टीत कुणी इतकं कसं हसू शकतं, याचा भाऊजींना संताप आला.

"सोमवारी गेलो होतो, खोटं कशाला बोलू? बाईंनी मला दोन्ही वेळा हाकलून दिलं."

"कोणत्या प्रश्नासाठी?"

"तोच की, काचेच्या पेट्यांचा. नंबरबिंबर मला काय ठाऊक? मंगळवारी मी दहापासून एकपर्यंत मंत्र्यांच्या दारात ताटकळत होतो, तीस जणांच्या देखत. आणि माझं काय बिघडणार होतं? तापमापक अडकतो हे मीच इस्पितळाला सांगितलं. त्यांनी खात्याला लिहिलं. बदली तापमापक माझ्या गोदामात पडून आहेत, खात्याची मंजुरीच आली नाही."

शेवटी आरोग्य खात्याचा कक्ष अधिकारी. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस, टेबलावर फायलींचे सरळ रचलेले ढीग. त्यानं दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. भाऊजींना तो आवडला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "चारशे सतराचं उत्तर मी तयारच करत होतो."

"बाईंशी बोलणं व्हायचं?"

"रुग्णवाहिकांच्या वेळी झालं, तेवढंच. त्यानंतर महिनाभर ना भेट, ना फोन. त्यांच्या निवासात तर मी कधी पाऊलही टाकलेलं नाही."

वहिनींनी आभार मानले. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "माझा संशय पुरवठादारावर. नुसता खिदळत होता मेला."

"खिदळणं हा गुन्हा असता तर निम्मं गाव आत असतं, भाऊजी. फौजदारांना म्हणावं, उद्या दहाला सगळ्यांना बाईंच्या खोलीत बोलवा."

शुक्रवारी सगळे आले. लेक खिडकीपाशी उभी होती, सज्जाकडे पाठ करून. दोन कप अजून टेबलावरच होते.

"मरायला निघालेलं माणूस दोन कप काढत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "बाईंकडे कुणीतरी आलं होतं. वहीत नाव नाही, म्हणजे फाईल हातात घेऊन आलेलं. आता हे पत्र बघा. सही खरी. पण लेखनिकाचे वीस कागद जागेवर आहेत, आणि ते सपाट असतात. या कागदाला पाकिटाच्या घड्या आहेत, आणि कचेरीत तर हा उघडा आला. म्हणजे त्याआधी कधीतरी तो पाकिटातून कुठंतरी गेला होता. असा एकच कागद बाहेर गेला. रुग्णवाहिकांच्या वेळी, आरोग्य खात्यात."

कक्ष अधिकारी शांतपणे म्हणाला, "तो मी फाडून टाकला."

"असेल. मग दुसरं सांगते. मी दोघांना एकच विचारलं, कोणता प्रश्न? पुरवठादार म्हणाले, काचेच्या पेट्यांचा. लेखनिक म्हणाला, बावीसशे शहाऐंशी, कारण बाईंकडे होती ती फक्त पोचपावती. तुम्ही मात्र न विचारता म्हणालात, चारशे सतरा. आणि पत्रातही चारशे सतराच आहे."

"यादीतला क्रमांक आहे तो. त्यात काय?"

"यादी दोनला लागली. बाई पावणेबाराला गेल्या. पत्र अकरा दहाला आलं. बाईंना जो क्रमांक जिवंतपणी कधी कळलाच नाही, तो त्या पत्रात लिहितील कशा? पाकीट खिडकीतून आत गेल्याशिवाय नंबर पडत नाही, असं आमचे भाऊजी सांगतात."

भाऊजी नकळत ताठ बसले.

"आदल्या संध्याकाळी तो दोनच ठिकाणी ठाऊक होता," वहिनी म्हणाल्या. "प्रश्नशाखेत आणि तुमच्या टेबलावर. खिडकीवरचा कारकून दहा ते एक हललेला नाही, आणि सहीचा कागद त्याच्या शाखेत कधी गेलाच नव्हता."

"मीच फोनवर सांगितला असेल त्यांना."

"महिनाभर फोन नाही, हे तुम्हीच काल म्हणालात. तुमचा जन्म यादीतल्या क्रमांकांत गेला. प्रश्नाला दुसराही क्रमांक असतो, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही."

फौजदारानं पहारेकऱ्याला पुढे केलं. तो क्षणभरही थांबला नाही. "हेच. लाल फितीची फाईल होती. कचेरीतले वाटले, म्हणून लिहिलं नाही."

कक्ष अधिकारी खुर्चीत खचला.

"मी कुणाकडून दमडीही घेतली नाही," तो पुटपुटला. "इस्पितळाचं पत्र ढिगात गेलं. तापमापक बदला, तातडीचं, असं वर लिहिलं होतं. आठ महिन्यांनी हा प्रश्न आला तेव्हा सापडलं. पहिलं बाळ गेलं त्याच्या तीन महिने आधीची तारीख होती त्याच्यावर. बाईंचा शेवटचा सवाल विलंबाचा होता. विलंबाचं कारण मी होतो. प्रश्न मागे गेला असता तरी बाई ओरडल्या असत्या, म्हणून..." त्याची नजर कपांवर गेली. "त्यांनी मला चहा घ्या म्हटलं. किटली ठेवून सज्जात आल्या माझ्याशी बोलायला."

लेकीच्या तोंडून हुंदका फुटला. भाऊजींना या माणसाचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण काल तो आपल्याला आवडला होता, या गोष्टीची त्यांना जास्त शिसारी आली.

खोटं पत्र रद्द झालं. प्रश्न पुन्हा जिवंत झाला, आणि तीन आठवड्यांनी उत्तर छापून आलं. लेकीनं अकरा प्रती घेतल्या. पहिल्या घरी जाताना ती एकटी नको, म्हणून वहिनी आणि भाऊजी सोबत गेले.

दार त्या दिवशी येऊन बोलून गेलेल्या त्याच बाईनं उघडलं. लेकीला पाहून तिचा चेहरा कठोर झाला.

"आईनं मागे घेतला नव्हता," लेक म्हणाली. "हे तिच्या प्रश्नाचं उत्तर."

"मला वाचता येत नाही. तू वाच."

लेक उंबऱ्यातच उभी राहून वाचू लागली. "ऊबपेट्या अति तापून बाळे दगावली, हे खरे आहे काय? होय. किती बाळे दगावली? अकरा. इस्पितळाने आधी कळवले होते काय? होय. विलंबाची कारणे काय? पत्र कक्षात प्रलंबित होते."

"म्हणजे?"

"म्हणजे पडून होतं."

"एवढंच कारण?"

"एवढंच."

बाईनं दाराची चौकट धरली. मग तिनं लेकीचा हात धरून तिला आत घेतलं आणि खाली बसवलं.

"तो पहिला सवाल परत वाच," ती म्हणाली. "इस्पितळातले सगळे मला म्हणत होते, तूच बाळाला नीट पाजलं नाहीस. सरकार काय म्हणालं, ते परत वाच."

"हे खरे आहे काय?" लेकीनं वाचलं. "होय."

"अजून एकदा."